मखमलाबादच्या तलावाची गळती : कामाच्या नोंदी

१७ मार्च २०२४, रविवार

मावशीचा मळा, नाशिकजवळचं मखमलाबाद. घरामागचा पोहण्याचा तलाव आठ मीटर बाय चार मीटर. उथळ बाजूला एक मीटर वीस, खोल बाजूला दीड मीटर. आरसीसीची टाकी, आतून निळी मोझॅक टाइल, एक स्किमर (वरचं पाणी ओढून घेणारं भिंतीतलं तोंड), तळाला मेन ड्रेन (तळातून पाणी ओढणारं तोंड), दोन रिटर्न इनलेट (गाळलेलं पाणी परत येतं ती तोंडं), दोन दिवे. पंपघरात एक एचपीचा पंप आणि सँड फिल्टर, फिल्टरवर मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (पाणी कोणत्या वाटेने जाईल ते ठरवणारा). बांधून सहा वर्षं झाली.

काकांची तक्रार अशी की तलाव भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह बंदच होत नाही. बोअरचं पाणी रात्रंदिवस बारीक धारेने आत येत राहतं. त्यामुळे पातळी कायम जागेवर दिसते, आणि गळती केव्हापासून आहे हे कोणालाच सांगता येत नाही. पाण्याच्या रेषेला टाइलवर पांढरे पापुद्रे धरलेत तेही यामुळेच. गेलेल्या पाण्याच्या जागी रोज बोअरचं जड पाणी येतं आणि त्यातला चुना तिथे बसतो. क्लोरीनही टिकत नाही. टाकलेलं औषध पाण्याबरोबर जमिनीत जातंय.

गेल्या आठवड्यात वॉटरप्रूफिंगचा एक ठेकेदार येऊन गेला. टाकीला तडा आहे, पाणी काढा, टाइल उपटा, नवा थर मारू, असं त्याचं म्हणणं. त्याने काहीच मोजलं नव्हतं. हे मला पटत नाही. तलावात साधारण ४३ हजार लिटर पाणी आहे. ते ओतून द्यायचं आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा भरायचं, म्हणजे दहा हजारी चार टँकर आणि वर थोडं. शिवाय रिकाम्या तलावातली मोझॅक उन्हाने तापते आणि सुटायला लागते. पावसाळ्यात तर रिकामं करण्याचा विचारही करू नये. भोवतालच्या जमिनीत पाणी चढलेलं असतं, ते रिकाम्या टाकीला खालून वर उचलू शकतं.

तेव्हा पाणी काढायचं नाही. आधी मोजायचं.

आज बादलीची चाचणी लावली. प्लास्टिकच्या बादलीत तळाला दगड ठेवला, तलावाचंच पाणी भरलं आणि ती पायरीवर अशी बसवली की बादलीतली आणि बाहेरची पातळी एक यावी. बादलीच्या आत एक खूण, तलावाच्या भिंतीवर स्टीलची पट्टी. बादली तलावातच ठेवायची, काठावर नाही. दोन्हीकडच्या पाण्याला सारखं ऊन, सारखा वारा आणि जवळपास सारखं तापमान मिळायला हवं. बादलीतून जे कमी होईल ती वाफ. तलावातून त्याच्यापेक्षा जे जास्त जाईल ती गळती. फ्लोट व्हॉल्व्हची कॉक बंद. पंप चोवीस तास बंद. पोहणं आणि बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुणं) दोन्ही बंद.

मावशीला विचारलं, नातवंडांना दोन आठवडे थांबवशील का? ती म्हणाली, "थांबतील की. पण पाणी वाचव बाबा. शेजारी द्राक्षांची खरड छाटणी तोंडावर आलीय, सगळ्यांच्या बोअरवर ताण आहे."

१८ मार्च, सोमवार

मी सातपूरला कामावर. काकांनी संध्याकाळी पट्टीचा फोटो पाठवला. तलाव १९ मिलिमीटर उतरला, बादली ७. गळती १२ मिलिमीटर.

तलावाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर, म्हणजे एक मिलिमीटर बरोबर ३२ लिटर. बारा मिलिमीटर म्हणजे दिवसाला ३८४ लिटर, तेही पंप बंद असताना.

१९ मार्च, मंगळवार

बादली पुन्हा तलावाच्या पातळीला आणून काकांनी पंप पूर्ण चोवीस तास चालू ठेवला. तलाव २८ मिलिमीटर, बादली ७. गळती २१.

हा फरक फार कामाचा आहे. पंप बंद असताना १२ आणि चालू असताना २१. गळती एकाच जागी टाकीत असती, तर पंपामुळे आकडा एवढा हलला नसता. वरचे ९ मिलिमीटर, म्हणजे दिवसाला जवळपास २९० लिटर किंवा तासाला बारा लिटर, दाबाखाली जात आहेत. पंपाच्या पुढचं सगळं, म्हणजे फिल्टर, मल्टिपोर्ट आणि तलावाकडे परतणारी रिटर्न लाइन, दाबाखाली असतं. सक्शनच्या, म्हणजे तलावातून पंपाकडे पाणी ओढणाऱ्या, बाजूला फट असती तर पंप चालू असताना पाणी बाहेर जाण्याऐवजी हवा आत ओढली गेली असती, आणि रिटर्नमधून बुडबुडे आले असते. काकांनी पाहिलं, बुडबुडे नाहीत.

म्हणजे गळत्या दोन आहेत. एक सतत चालणारी, दुसरी फक्त पंपाबरोबर. दोन्ही वेगळ्या शोधाव्या लागतील. ठेकेदाराच्या थराने दुसरीला काहीच फरक पडला नसता, हे आजच सिद्ध झालं.

२१ मार्च, गुरुवार

कामावरून थेट मळ्यावर. मल्टिपोर्टपासून सुरुवात केली, कारण ते सगळ्यात सोपं आणि लोक नेमकं तेच विसरतात. व्हॉल्व्हच्या आतलं चक्राच्या आकाराचं रबरी गॅस्केट झिजलं, की फिल्टर चालू असताना थोडं पाणी गुपचूप बॅकवॉशच्या पाइपातून निघून जातं. इथे तो पाइप केळीच्या आळ्यात सोडलाय, तेव्हा ओल दिसली तरी कोणाला शंका येणार नाही. पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली आणि तासभर पंप चालवला. पिशवी कोरडी. पंपाचा सील, फिल्टरचं झाकण, युनियन (पाइपाचे सुटे होणारे सांधे), सगळीकडे कोरडं फडकं फिरवलं. कुठेच ओल नाही. पंपघर निर्दोष.

काकांनी कुंपणाजवळची हिरवळ दाखवली. बाकी सगळं गवत वाळलेलं आणि तिथे दोन हात जागा हिरवीगार. तलाव तिथून बराच वर आहे. मी ती जागा नोंदवून ठेवली, पण तिथे खणायला नको म्हणालो. इकडे वरचा काळ्या मातीचा थर फूट-दीड फुटाचा, त्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. मुरमात शिरलेलं पाणी उतार धरून खडकावरून सरकत जातं आणि माती पातळ असेल तिथे वर येतं. ओल जिथे दिसते तिथे गळती असेलच असं नाही.

२३ मार्च, शनिवार

भरणं बंद असल्याने पातळी आता स्किमरच्या तोंडाखाली गेली. याचीच वाट पाहत होतो. स्किमरची कॉक बंद करून त्याच्या कुंडीत उरलेल्या पाण्यावर खूण केली होती. ते पाणी वाफेपुरतंच उतरलं. म्हणजे स्किमरची कुंडी आणि तिची लाइन दोन्ही धड. तलावाच्या उतरण्याचा वेगही कमी झाला नाही, वाफ वजा करून आकडा अजून १२ च्या आसपास. म्हणजे सतत चालणारी गळती स्किमरपेक्षा खोल आहे.

पातळी आपोआप जिथे थांबेल तिथे गळती, ही जुनी पद्धत खरी आहे. पण दिव्यांच्या खोलीपर्यंत उतरू द्यायचं तर आणखी दोन-तीन आठवडे लागतील आणि तेवढं पाणी जाईल. त्यापेक्षा रंग लावून शोधू.

२४ मार्च, रविवार

खाण्याचा निळा रंग तलावाच्याच पाण्यात घट्ट कालवला. सिरिंजला माशांच्या टाकीची हवेची बारीक नळी जोडली. सकाळी वारा नसतो, म्हणून सातलाच सुरुवात केली. पंप आदल्या रात्रीपासून बंद, पाणी एकदम स्थिर. माणूस पाण्यात उतरला की पाणी हलतं, त्यामुळे उतरल्यावर काही वेळ नुसतं उभं राहायचं. मग संशयाच्या जागेपासून बोटभर अंतरावर रंगाचा एकच थेंब सोडायचा आणि बघायचं. गळती नसेल तर रंग तिथेच लोंबकळतो आणि हळूहळू विरतो. गळती असेल तर धाग्यासारखा होऊन आत ओढला जातो.

भिंत आणि तळ मिळतात तो कोपरा सगळा फिरलो. दोन टाइलच्या मध्ये एक लांब केसाएवढी चीर आहे. तिच्यावरून तीनदा रंग सोडला, तो जागचा हलला नाही. चीर ग्राउटची, म्हणजे टाइलमधल्या भरणीची आहे, टाकीची नाही. ठेकेदाराने बोट दाखवलं होतं ते हिच्याकडेच. मेन ड्रेनच्या जाळीवरही काही नाही. दोन्ही रिटर्न इनलेटच्या कडांना काही नाही. दिव्यांच्या बाहेरच्या कड्याला रंग थोडा ओढल्यासारखा वाटला, पण तोवर वारा सुटला. वाटण्यावर नोंद करायची नाही. दिवे पुढच्या शनिवारी.

संध्याकाळी होळी. मळ्यातच पेटवली.

३० मार्च, शनिवार, रंगपंचमी

नाशिक गावात आज रहाडी उघडल्यात. शनी चौक आणि तिवंधा चौकातल्या रहाडी पेशवेकाळापासूनच्या म्हणतात. वर्षभर फळ्या टाकून मातीखाली बुजवलेली ती कुंडं रंगपंचमीला पूजा करून उघडतात आणि रंगाच्या पाण्यात उड्या पडतात. भाचरं तिकडे गेली. आम्ही इकडे सिरिंजभर निळ्या रंगासह.

आधी दिव्यांची एमसीबी (वीज तोडणारी कळ) पाडली, तिच्यावर चिकटपट्टी लावली आणि काकांना सांगितलं, काही झालं तरी हात लावू नका. दिवे १२ व्होल्टचे आहेत आणि ट्रान्सफॉर्मर पंपघरात आहे. तरीही पाण्यात उतरण्याआधी वीज बंद, यात तडजोड नाही.

दिव्याचं कडं एका स्क्रूवर असतं. तो काढला की दिवा बाहेर येतो आणि मागे गुंडाळलेली केबल इतकी असते, की दिवा वर काठावर ठेवता येतो. उत्तरेच्या भिंतीचा दिवा काढला. मागच्या खोबणीत केबल ज्या पाइपातून वर जाते, त्या तोंडाशी रंग सोडला. हलला नाही. दक्षिणेच्या भिंतीचा काढला, तसाच थेंब सोडला. रंग सरळ, वेगाने पाइपाच्या तोंडात गेला. दुसरा थेंब, तोही गेला. काकांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "एवढंसं भोक!"

समजून घेण्यासारखं आहे ते असं. दिव्याची खोबण पाण्याने भरलेलीच असते, ती कोरडी राहावी अशी रचनाच नसते. केबलचा पाइपही तलावाच्या पातळीपर्यंत भरून राहतो, त्यात काही बिघडत नाही. पण तो पाइप भिंतीबाहेर कुठेतरी, पातळीच्या खाली, सांध्यात सुटला असेल, तर तलावाचं पाणी त्यातून जमिनीत वाहत राहतं. टाकी संपूर्ण शाबूत असून तलाव गळतो. पोहण्याच्या तलावांच्या गळत्यांत काँक्रीटवर पहिला संशय जातो. माझ्या अनुभवात मात्र पाणी बहुतेक वेळा तिथून जातं, जिथे काँक्रीटमधून दुसरं काहीतरी आरपार नेलेलं असतं.

३१ मार्च, रविवार

पाइप कुठे सुटलाय ते शोधायला भिंतीबाहेर खणायची गरज नाही. तोंडच बंद केलं की झालं. पाण्याखाली घट्ट होणारी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी आणली. आधी तोंडाच्या आतली शेवाळ आणि चिकटा ताठ ब्रशने घासून काढला, नाहीतर पुट्टी धरत नाही. पुट्टीचे दोन्ही भाग एकसारखा रंग येईपर्यंत मळले, केबलभोवती वळी गुंडाळली आणि अंगठ्याने पाइपात दोन इंच आत दाबली. केबल मध्यभागी राहील आणि तिच्या सगळ्या बाजूंनी पुट्टी जाईल हे पाहिलं. सिमेंट किंवा सिलिकॉन इथे टाकू नये. सिमेंट घट्ट होण्याआधीच पाण्यात धुऊन निघतं, साधं सिलिकॉन ओल्या पृष्ठभागाला धरत नाही, आणि पुढे केबल बदलायची वेळ आली तर पुट्टी टोकरून काढता येते.

दिवसभर दिवा वर काठावरच ठेवला. उद्या काका आणि शेजारचा मुलगा तो बसवतील. एमसीबी अजून बंदच.

२ एप्रिल, मंगळवार

पातळी पुन्हा स्किमरच्या निम्म्यावर आणली. पंप बंद ठेवून चाचणी. तलाव ९, बादली ८.

एक मिलिमीटरचा फरक पट्टी वाचण्यातही येऊ शकतो. काकांकडून आणखी एकदा वाचून घेतलं, तेच आलं. पाण्याच्या टाक्यांचं भारतीय मानक, आयएस ३३७०, त्याच्या २००९च्या आवृत्तीत झाकलेल्या भूमिगत टाकीला सात दिवसांत ४० मिलिमीटरपर्यंत उतार बहुतेक कामांसाठी चालेल म्हणतं. आपला उघडा तलाव वाफ वजा करून या वेगाने सात दिवसांत सातच्या आसपास उतरेल. टाकीविषयीचा प्रश्न माझ्यापुरता मिटला.

वाफ मात्र वाढली. मार्चच्या मध्यात ७ होती, आता ८.

६ एप्रिल, शनिवार

दुसरी गळती. पाइपांची दाबचाचणी.

ओळखीच्या प्लंबरभाऊंना बोलावलं. त्यांच्याकडे हाताने मारायचा टेस्ट पंप आणि गेज आहे. दोन्ही रिटर्न इनलेटमध्ये रबरी टेस्ट प्लग आवळले, पंपघरात लाइन युनियनपाशी सोडवून गेज जोडला. लाइनमधली हवा आधी पूर्ण काढून घेतली. हवा राहिली तर काटा खोटं बोलतो, कारण ती दाबली जाते आणि गळती लपते. दर चौरस सेंटीमीटरला दीड किलोपर्यंत दाब चढवला. काटा डोळ्यांदेखत खाली. थोड्याच मिनिटांत अर्ध्या किलोच्या आसपास.

मग खातरीसाठी सक्शनच्या लाइनी, मेन ड्रेन आणि स्किमर दोन्ही तशाच तपासल्या. अर्धा तास काटा जागचा हलला नाही. गळती रिटर्न लाइनवरच.

भाऊंचं म्हणणं, "सरळ पूर्ण लाइन नवी टाकू, एका दिवसात होईल." लाइन अकरा मीटर, सगळी शहाबादी फरशीखाली. ते मनापासून सांगत होते आणि त्यांच्या हिशेबाने ते सोपंही होतं. पण तेवढी फरशी उखडली की निम्मी फुटते. मी म्हणालो, भाऊ, आधी ऐकून बघू.

७ एप्रिल, रविवार

लाइन रिकामी करून तीत हवा सोडली. ही पायरी सांभाळून करायची. पाण्याचा दाब प्लग निसटला तर थोडं पाणी उडवतो. हवा दाबून भरलेली असेल तर तोच प्लग गोळीसारखा सुटतो. म्हणून दाब पाव किलोच्या वर जाऊ दिला नाही, आणि दोन्ही इनलेटच्या समोर कोणालाही उभं राहू दिलं नाही. मुलांना घरात बसवलं.

लोखंडी सळईचं एक टोक फरशीच्या सांध्यात, दुसरं कानाजवळच्या हाडाला. तलावाच्या बाजूने सुरू केलं. पहिले पाच-सहा मीटर शांत. पंपघराकडे येताना बारीक खळखळ यायला लागली, एका फरशीपाशी सगळ्यात स्पष्ट, तिच्या पुढे पुन्हा कमी. भाऊंनी स्वतः ऐकलं आणि खडूने फुली मारली. ती जागा पाहिल्यावर कारणही लक्षात आलं. टाकीभोवती बांधताना मुरमाचा भराव टाकलाय आणि तो तिथेच संपतो. पुढे मूळची काळी माती सुरू होते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मुरूम जागचा हलत नाही. दोन्हींच्या सीमेवरून गेलेल्या पाइपाला दरवर्षी एक बाजू वर-खाली ओढते. सहा पावसाळ्यांत काय झालं असेल ते खणल्यावर दिसेल.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

काम नाही. मावशीकडे श्रीखंड-पुरी. पंप दिवसाला दोनच तास चालवायचा असं ठरवलं. तेवढ्यावर पाणी हिरवं पडणार नाही आणि गळतीही कमी राहील.

१३ एप्रिल, शनिवार

दोन फरश्या अलगद उचलल्या. फूटभर खाली माती ओली, दोन फुटांवर चिखल. पाइप मोकळा केला. एल्बोच्या, म्हणजे वळणाच्या तुकड्याच्या सांध्यात, पाइप जिथे सॉकेटमध्ये शिरतो तिथे, अर्ध्या घेराला तडा. ऊस पेरावर मोडावा तसा. सांध्यात सॉल्व्हंट सिमेंट (पाइप चिकटवायचा द्रव) एकाच बाजूला लागलेलं दिसलं, दुसऱ्या बाजूला पाइप जवळपास कोरडा होता. माती ओढत होती आणि सांधा अर्धाच चिकटलेला होता, दोन्ही मिळून झालं.

खुणेपासून एक वीतसुद्धा चूक नाही. भाऊंनी सळई हातात घेऊन दोनदा वळवून पाहिली आणि म्हणाले, "ही पद्धत आता माझी."

१४ एप्रिल, रविवार

दोन्ही बाजूंनी पाइप कापला, कडा कानशीने घासल्या, आतबाहेर पुसून कोरडा केला. खड्ड्यातलं पाणी पूर्ण उपसल्याशिवाय जोडणी करायची नाही, ओल्या पाइपाला सॉल्व्हंट धरत नाही. नवा एल्बो, एक कपलर. आधी कोरडी मांडणी करून पेन्सिलने खूण, मग प्रायमर, मग दोन्ही पृष्ठभागांना पूर्ण घेर सॉल्व्हंट, पाव फेरा देत आत सारून अर्धा मिनिट दाबून धरलं. घाई नाही. चोवीस तास दाब द्यायचा नाही.

१५ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी भाऊ आले. खड्डा उघडाच ठेवला होता, सांधा डोळ्यांनी दिसायला हवा. दीड किलो. अर्धा तास. काटा स्थिर, एल्बो कोरडा.

१८ एप्रिल, गुरुवार

पंप चोवीस तास चालू ठेवून बादलीची चाचणी. तलाव १०, बादली ९. मार्चमध्ये याच चाचणीत फरक २१ होता.

आठ तास पंप चालण्याच्या नेहमीच्या दिवशी गळतीत साधारण १५ मिलिमीटर, म्हणजे ४८० लिटर जात होते. ते थांबले. फ्लोट व्हॉल्व्हची कॉक उघडली. काकांनी फोनवर सांगितलं की सकाळी ऊन चढेपर्यंत व्हॉल्व्ह पूर्ण बंद राहतो, त्याचा आवाजच येत नाही.

२१ एप्रिल, रविवार

खड्डा बुजवला. काढलेली काळी माती परत घातली नाही. पाइपाखाली आणि वर वीतभर बारीक खडीची वाळू, मग मुरूम, थराथराने पाणी मारून चोपला. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटरपर्यंत तसंच केलं, म्हणजे मातीची ओढ थेट सांध्यावर येणार नाही. फरश्या सिमेंटऐवजी वाळूवर बसवल्या, पुन्हा उचलायची वेळ आली तर फुटू नयेत. कोपऱ्यातल्या ग्राउटच्या चिरेत तीच पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी भरली. चीर गळत नव्हती, पण शेवाळ धरत होती.

राहिली वाफ. आत्ता ती दिवसाला ९ मिलिमीटर आहे, म्हणजे २८८ लिटर, आणि मे यायचा आहे. एवढं पाणी थांबवण्यासाठी तरंगतं आच्छादन घ्यायचं काकांनी ठरवलंय. रोज गुंडाळायला दोन माणसं लागतील, म्हणून मी रोलरसकट घ्यायला सांगितलं. आठ बाय चारचं माप दिलंय, पायऱ्यांच्या बाजूला कापून घ्यावं लागेल.

पंपघराच्या दाराला आतून तक्ता चिकटवला: तारीख, तलाव, बादली, पंप किती तास. महिन्यातून एकदा काका भरतील. जून ते सप्टेंबर पावसामुळे वाचन जमणार नाही. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की पंप बंद आणि पंप चालू अशा दोन्ही चाचण्या पुन्हा घ्यायच्या. तोवर काळी माती पूर्ण फुगून पुन्हा आकसायला लागलेली असेल, आणि नव्या एल्बोची परीक्षा तेव्हाच होईल.